विश्लेषण : पाना हरवला की संशय हेल्परवरच का? हत्यारांच्या ट्रेने काय बदलेल?

मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात. तिथून पारोळा, एरंडोलमार्गे जळगावपर्यंत रस्त्याकडेला ट्रक-ट्रॅक्टरची गॅरेजेस आहेत. संध्याकाळी आवराआवर करताना १६-१७चा रिंग पाना सापडत नाही, हा प्रसंग तिथल्या कुणालाही नवा नाही. मिस्त्रीचा पहिला प्रश्न हेल्परलाच असतो. पाना दुपारी गेलेल्या ट्रकच्या चॅसिसवर राहिला की खरेच चोरीला गेला, हे सांगणारा पुरावा नसतो. भरपाईची वेळ आली तर पैसे मात्र हेल्परच्याच पगारातून जातात.

या भांडणावर स्वस्त उपाय आहे. प्रत्येक हत्याराच्या आकाराची खाच कापलेला ट्रे. तो टापटिपीसाठी असतो, असा समज आहे. खरे तर ते मोजणीचे साधन आहे.

मोजणी कशी होते?

फोमचे दोन थर असतात. वरचा काळा, खालचा पिवळा किंवा लाल. आकार फक्त वरच्या थरात कापतात. हत्यार उचलले की खालचा रंग उघडा पडतो. कालच कामाला लागलेल्या मुलालाही काय कमी आहे ते एका नजरेत कळते.

विमानांच्या दुरुस्तीत ही मोजणी सक्तीची असते, तरीही चुका होतात. डिसेंबर २०२३ मध्ये लॉस एंजेलिस येथे क्वांटासच्या ए-३८० विमानाच्या इंजिनात सव्वा मीटर लांबीचे नायलॉनचे हत्यार राहून गेले. ते पोटात घेऊन विमानाने ३४ उड्डाणे केली, २९४ तास. हत्यार परत आलेले नसतानाही शोधाची ठरलेली प्रक्रिया विमान सोडण्यापूर्वी सुरूच झाली नव्हती, असे ऑस्ट्रेलियाच्या चौकशीत आढळले. म्हणजे नुसती मोजणीची सोय पुरत नाही. रिकामी खाच पाहून ‘थांबा’ म्हणायचा अधिकार कुणाला तरी हवा. घाईतल्या ट्रकमालकासमोर हेल्परला तो मिळतो का?

जळगावच्या चटई कारखान्यांनाही हा प्रश्न लागू आहे. प्लॅस्टिक भंगार दळणाऱ्या यंत्रात विसरलेला पाना ब्लेडचे काय करील, हे फिटरला सांगावे लागत नाही.

विकतचा ट्रे का नको?

कंपनीच्या ट्रेमध्ये कंपनीचाच सेट बसतो. गॅरेजच्या डब्यात दोन पाने एका कंपनीचे, तीन जुन्या बाजारातले, एक घासून पातळ केलेला आणि वेल्डिंग करून घरीच बनवलेला पुलर असतो. अशा कुटुंबाला रेडिमेड ट्रे बसत नाही.

रोज लागणारी २०-२५ हत्यारेच घ्यावीत. सगळा डबा ट्रेमध्ये कोंबायला गेले की काम अर्धवट राहते. हत्यारे शीटवर मांडून मध्ये बोटभर जागा सोडावी, पेनाने कड आखावी आणि ब्लेड उभे धरून कापावे. हत्यार अर्धे-अधिक आत जाईल इतकी खोली पुरते. प्रत्येक खाचेला अंगठ्यासाठी गोल कापावा लागतो. धार काढलेला लोखंडी पाइपचा तुकडा ठोकला की तो पडतो. हे विसरले तर तेलकट हातांनी पाना निघत नाही आणि आठवड्यात ट्रे कोपऱ्यात जातो. पॅकिंगचा पॉलिथिलीन फोम चांगला. मुलांच्या मॅटचा ईव्हीए फोम ऑइल-डिझेलमध्ये फार टिकत नाही. थर्माकोल तर पेट्रोलने विरघळतो.

कपातीचा कायदा काय सांगतो?

वेतन प्रदान अधिनियम, १९३६ मध्ये अट होती आणि वेतन संहिता, २०१९ मध्येही ती आहे. वस्तू त्या कामगाराच्या ताब्यात स्पष्टपणे सोपवलेली असावी, नुकसान थेट त्याच्या हलगर्जीपणामुळे झालेले असावे आणि कपातीआधी त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे. एकाच डब्यात चौघांचे हात जात असतील, तर पाना कुणाकडे सोपवला होता हे मालक तरी कसे दाखवणार? सकाळी भरलेला ट्रे ताब्यात देऊन संध्याकाळी तो परत घेतला, तर दोघांनाही उत्तर मिळते. हेल्परने मात्र सकाळीच खाचा पाहून घ्याव्यात.

आयटीआयने काय करावे?

फिटर ट्रेडच्या अभ्यासक्रमात जपानी ‘५एस’ पद्धत आहे. तिची पाच नावे पाठ करून परीक्षा निभते. त्याऐवजी जळगाव, भुसावळ, धुळ्याच्या आयटीआयमध्ये पहिल्याच महिन्यात प्रत्येकाला स्वतःचा ट्रे कापायला लावावा. कानशीने ठोकळा घासणे त्यानंतर सुरू झाले तरी चालेल.