मालक जिवंत असताना विकलेली घरे

भूमध्य समुद्रातील एखाद्या बेटावर सुटीसाठी आपले हक्काचे घर असावे, हे युरोपातील मध्यमवर्गाचे जुने स्वप्न आहे. निळा समुद्र, लिंबांच्या बागा, गच्चीतून दिसणारे डोंगर आणि सामान्य निवृत्तिवेतनधारकालाही झेपेल अशी किंमत! उत्तर सायप्रसमधील बंगल्यांच्या जाहिराती गेली वीस-पंचवीस वर्षे हेच स्वप्न विकत आल्या आहेत. त्या जाहिरातींत पोहण्याच्या तलावाची लांबी असते, विमानतळाचे अंतर असते, हप्त्यांची सोय असते. नसते ते फक्त एक : ज्या जमिनीवर हे घर उभे आहे, त्या जमिनीच्या खऱ्या मालकाचे नाव.

हा मालक कोण आणि तो कोठे गेला? १५ जुलै १९७४ रोजी ग्रीक लष्करशहांच्या चिथावणीने आर्चबिशप मकारिओस यांचे सरकार उलथले गेले. ते निमित्त साधून २० जुलै रोजी तुर्की सैन्य बेटावर उतरले आणि ऑगस्ट संपण्यापूर्वी बेटाचा एक तृतीयांशाहून अधिक भाग त्याने ताब्यात घेतला. सुमारे एक लाख साठ हजारांहून अधिक ग्रीक सायप्रियट घराला कुलूप लावून, किल्ली खिशात घालून दक्षिणेकडे पळाले. १९८३ मध्ये या व्याप्त भागाने स्वतःला प्रजासत्ताक घोषित केले. सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक ५४१ करून ती घोषणा कायद्याच्या दृष्टीने निरर्थक ठरवली. तुर्कस्तान वगळता जगातील एकाही राष्ट्राने त्या राज्याला आजवर मान्यता दिलेली नाही.

मान्यता नसलेल्या या राज्याने मालकीपत्रे मात्र मुक्तहस्ताने वाटली. मालकीपत्राला तेथे ‘कोचान’ म्हणतात. १९७४ पूर्वीपासून तुर्की सायप्रियटांच्या नावावर असलेल्या जमिनीचे कोचान एक. दक्षिणेत सोडलेल्या मालमत्तेच्या बदल्यात दिलेल्या ग्रीकांच्या जमिनीचे कोचान दुसरे. आणि तुर्कस्तानातून आणून वसवलेल्यांना किंवा लढाईत सहभागी झालेल्यांना बक्षिसादाखल दिलेल्या जमिनीचे तिसरे. कागद तिन्हींचा सारखाच, शिक्काही सारखाच. पण पहिल्याच्या मागे मालकी आहे, उरलेल्या दोहोंच्या मागे केवळ सैन्य आहे. घर स्वस्त का, याचे उत्तर येथे सापडते. ती स्वस्ताई ही विक्रेत्याची उदारता नव्हे. मालाच्या सदोषपणाची ती कबुली आहे.

इंग्रज लेखक लॉरेन्स ड्यूरेल याने १९५३ मध्ये याच उत्तर किनाऱ्याजवळच्या बेलापाइस गावात घर घेतले आणि पुढे १९५७ च्या ‘बिटर लेमन्स’ या पुस्तकात त्या खरेदीची कहाणी सांगितली. दलाल तुर्की, घरमालकीण ग्रीक, गिऱ्हाईक इंग्रज! घासाघीस झाली, रुसवेफुगवे झाले; पण ज्यांचे घर होते ती माणसे समोर बसली होती आणि त्यांनी होकार दिल्यावरच किल्ली हातात पडली. आजच्या व्यवहारात सगळे आहे, फक्त तो होकार नाही.

न्यायालयांनी हे वारंवार बजावले आहे. किरेनियाच्या टिटिना लोइझिदू यांच्या खटल्यात युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने १९९६ मध्ये निर्णय दिला, की सैन्याने वाट अडवली म्हणून मालकी संपत नाही. २००३ च्या अखेरीस तुर्कस्तानला त्यांची नुकसानभरपाई चुकती करावी लागली. लापिथोस गावात २००२ मध्ये जमीन घेऊन बंगला बांधणाऱ्या एका ब्रिटिश दांपत्याला निकोसियाच्या न्यायालयाने २००४ मध्ये बंगला पाडून जमीन मूळ मालकाला परत करण्याचा आदेश दिला. ‘अपोस्तोलिदिस विरुद्ध ऑरम्स’ म्हणून गाजलेल्या या खटल्यात युरोपीय न्यायालयाने २००९ मध्ये तो आदेश युरोपीय संघातील अन्य देशांनीही मानला पाहिजे असे ठरवले, आणि २०१० मध्ये इंग्लंडच्या अपील न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. पुढे ब्रिटन संघाबाहेर पडले, पण निकालामागचे तत्त्व बाहेर पडले नाही. दुसऱ्याच्या जमिनीचा असा व्यवहार हा सायप्रसमध्ये २००६ पासून सात वर्षांपर्यंतच्या कारावासाचा गुन्हा आहे, आणि २०२५ मध्ये एका बांधकाम व्यावसायिकाला या प्रकरणी पाच वर्षांची शिक्षाही झाली.

यावर समर्थक सांगतात, की २००४ च्या सार्वमतात अन्नान योजना ग्रीकांनीच फेटाळली. फेटाळली हे खरे. सुमारे ७६ टक्क्यांनी फेटाळली. पण त्या योजनेतच अशी तरतूद होती, की बळकावलेल्या जमिनीवर मोठे बांधकाम करणाऱ्याला भरपाई देऊन ती स्वतःकडे ठेवण्याचा हक्क मागता यावा. बांधकामाला ऊत आला तो याच काळात! दुसरा युक्तिवाद असा, की तुर्की सायप्रियटांनीही दक्षिणेत घरे गमावली. निःसंशय गमावली, सुमारे पंचेचाळीस हजार माणसे उत्तरेकडे गेली आणि त्यांचे दुःख खोटे नाही. पण त्या दुःखाची भरपाई तिसऱ्याच्या बागेतून करून तिथे चौथ्याने जलतरण तलाव बांधावा, हा कोणता न्याय? उत्तरेत भरपाईसाठी आयोग आहे आणि २०१० मध्ये मानवी हक्क न्यायालयाने तो मार्ग ग्राह्यही धरला, हेही खरे. परंतु भरपाईचा आयोग असणे म्हणजे बळकावण्याचा परवाना असणे नव्हे.

भारतीयाला हे बेट परके वाटू नये. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचे नेतृत्व करताना जनरल थिमय्या यांनी डिसेंबर १९६५ मध्ये याच भूमीवर देह ठेवला. १९७४ च्या आक्रमणाच्या वेळी त्या सेनेचे प्रमुख होते मेजर जनरल दिवाण प्रेमचंद. आणि कुलूपबंद घराची किल्ली उराशी धरून जगणे म्हणजे काय, हे १९९० मध्ये काश्मीर खोऱ्यातून बाहेर पडावे लागलेल्या पंडितांना विचारावे. त्यांच्या नडलेपणाचा फायदा घेऊन होणारी विक्री रोखण्यासाठी १९९७ मध्ये आपल्याकडे कायदा करावा लागला. आज परदेशात घर घेण्याची मुभा आणि ऐपत असणारे आपले बांधव वाढत आहेत. उद्या त्यांच्याही हाती ही रंगीत पत्रके पडतील.

सैन्य आज ना उद्या माघारी जाऊ शकते. सुटीसाठी बांधलेल्या बंगल्यांच्या रांगा माघारी जात नाहीत. आक्रमणाला कायमपण देण्याचे जे काम रणगाड्यांना पन्नास वर्षांत जमले नाही, ते निरुपद्रवी दिसणारा हा सुटीचा गिऱ्हाईक सहज करून टाकतो. म्हणून अशा घराची किंमत विचारण्यापूर्वी त्याच्या मालकाचा पत्ता विचारावा. तो पत्ता त्याच बेटावर, काटेरी तारेच्या पलीकडे निघत असेल, तर ते घर विकाऊ नाही; ते अजून त्याच्या परतीची वाट पाहते आहे.