घरी काडतूस भरण्याचे व्हिडिओ : फीडमध्ये दिसतं ते नेमकं काय, आणि आपल्यासाठी त्याचा अर्थ काय?

गेल्या काही आठवड्यांत माझ्या फीडमध्ये एकाच प्रकारचे व्हिडिओ सारखे यायला लागले. गॅरेजमधलं टेबल, एक हँडल असलेलं प्रेस, पितळेच्या चकचकीत पुंगळ्या आणि शांत आवाजात बोलणारा एखादा अमेरिकन काका. हँडल खाली ओढलं, वर सोडलं, काडतूस तयार. बघायला मजा येते, खोटं कशाला बोलू! पण खाली कमेंटमध्ये हिंदीत आणि मराठीतही ‘भाई, हे मशीन इंडियात कुठे मिळेल?’ असे प्रश्न दिसले, म्हणून हा लेख.

रिलोडिंग म्हणजे काय?

काडतुसाचे चार भाग असतात. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी बसणारा प्रायमर (ठिणगी देणारी छोटी टोपी), आत दारू आणि तोंडाशी गोळी. गोळी उडाली की प्रायमर आणि दारू संपते, पुंगळी मात्र उरते. ती पुन्हा भरून वापरणं म्हणजे रिलोडिंग. अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी हे करायला केंद्रीय कायद्यानुसार परवाना लागत नाही. विकण्यासाठी बनवायचं असेल तर लागतो. नेमबाज पैसे वाचवायला किंवा दुकानात न मिळणाऱ्या जुन्या काडतुसांसाठी हा छंद जोपासतात.

‘बाटलीच्या मानेचं’ काडतूस अवघड का?

पिस्तुलाची बहुतेक काडतुसं सरळ नळकांड्यासारखी असतात. काही मात्र बाटलीसारखी, म्हणजे खाली रुंद आणि वर अरुंद. रशियाचं ७.६२×२५ टोकारेव्ह, १९९४ चं .३५७ सिग, बेल्जियमच्या एफएन कंपनीचं ५.७×२८ ही त्याची उदाहरणं. लहान गोळीमागे जास्त दारू, म्हणून वेग जास्त. आणि दाबही.

आकडे बघा. गाडीच्या टायरमध्ये साधारण ३२ पीएसआय हवा असते. अमेरिकी उद्योगाच्या मानकानुसार साध्या ९ मिमी काडतुसात कमाल दाब ३५,००० पीएसआय, .३५७ सिगमध्ये ४०,००० आणि ५.७×२८ मध्ये ५०,०००. हे सगळं चेहऱ्यापासून हातभर अंतरावर.

पुंगळी छोटी असल्यामुळे दारूच्या मापात जराशी चूक झाली तरी दाब झपकन वाढतो. .३५७ सिगची मान आखूड आहे. गोळी नीट घट्ट बसली नाही आणि पिस्तुलात भरताना आत सरकली, तर आतली जागा कमी होते आणि दाब पुन्हा वाढतो. ५.७ च्या पुंगळीवर खास लेप असतो. तो घासला गेला तर पुंगळी नीट बाहेर निघत नाही. जुन्या माउझर पिस्तुलाचं ७.६३ काडतूस दिसायला अगदी टोकारेव्हसारखं, पण टोकारेव्हचा दाब जास्त धरला जातो. म्हणून ‘बसतंय ना, मग चालेल’ हे इथे चालत नाही.

उलट चूकही तितकीच वाईट. दारू भरायचीच राहिली तर गोळी नळीतच अडकते, आणि पुढची गोळी मारली की नळी फुटू शकते. म्हणून अनुभवी लोक दारू बनवणाऱ्या कंपनीच्या छापील तक्त्याबाहेर जात नाहीत, टेबलावर एका वेळी एकच दारू ठेवतात आणि काम करताना फोन लांब ठेवतात. चॅटबॉटला माप विचारणं हा तर वेडेपणा आहे. तो चुकीचा आकडाही तितक्याच आत्मविश्वासाने देतो.

मग हे आत्ताच का चर्चेत?

कारण कच्चा माल. प्रायमरमध्ये अँटिमनीचं संयुग लागतं. चीनने सप्टेंबर २०२४ मध्ये अँटिमनीच्या निर्यातीवर नियंत्रण आणलं आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेला निर्यात बंद केली. नोव्हेंबर २०२५ मध्ये ती बंदी तात्पुरती स्थगित झाली. दुसरीकडे युक्रेन युद्धामुळे दारूतल्या नायट्रोसेल्युलोजची मागणी वाढली. तोफगोळ्याला आणि गॅरेजमधल्या छंदाला लागणारा माल मुळात एकच. टंचाई आली की ‘घरीच करा’ वाले व्हिडिओ वाढतात, हे २०२० च्या टंचाईतही दिसलं होतं.

यूट्यूबने २०१८ मध्येच बंदुका आणि दारूगोळा बनवायला शिकवणाऱ्या व्हिडिओंवर बंदी जाहीर केली. जून २०२४ पासून घरगुती बंदुकांच्या व्हिडिओंना वयाची अटही आली. तरी रिलोडिंगचे व्हिडिओ दिसतातच. अल्गोरिदमला तुमचा देश कळतो, पण तिथला कायदा तो तुम्हाला सांगत नाही.

भारतात काय?

इथे विषय सरळ आहे. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय शस्त्र किंवा दारूगोळा बनवता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर यासाठी किमान ७ वर्षं ते जन्मठेप अशी शिक्षा आहे. आणि ‘दारूगोळा’ या शब्दाच्या व्याख्येत त्याचे सुटे भाग आणि तो बनवायची यंत्रंही येतात. म्हणजे ‘मी फक्त मशीन मागवलं’ हा बचाव फारच कच्चा. घरात पिस्तुलाचा परवाना असला तरी तो बाळगण्याचा असतो, काडतूस बनवण्याचा नाही.

आपल्या महाराष्ट्रात हे काम खडकी आणि वरणगावच्या कारखान्यांत होतं, प्रशिक्षित हातांनी आणि कडक नियमांत. तरीही या क्षेत्रात धोका शून्य होत नाही. जानेवारी २०२५ मध्ये भंडाऱ्याच्या आयुध निर्माणीत स्फोट होऊन कामगारांचे जीव गेले. जिथे सगळी व्यवस्था आहे तिथे हे होऊ शकतं, तर फटाक्याची दारू काढून प्रयोग करणाऱ्या पोराचं काय होईल?

मी काय केलं?

व्हिडिओ बघणं गुन्हा नाही, कुतूहलही चूक नाही. मी आता तसे व्हिडिओ आले की ‘नॉट इंटरेस्टेड’ दाबतो. दोन-तीन दिवसांत फीड बदललं. नेमबाजीची खरीच आवड असेल तर जिल्ह्यातल्या रायफल क्लबमध्ये जाऊन चौकशी करा. तिथे एअर रायफलपासून सुरुवात होते. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक आणलं, ते रेंजवर घाम गाळून. आणि रस्त्यात किंवा शेतात कधी पुंगळी सापडली तर रीलसाठी उचलू नका, ११२ ला फोन करा.