हिशेबाची दुसरी वही

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांतच शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडून वाहू लागला आणि नाग नदीने आपले विस्मृतीत गेलेले पात्र नागरिकांच्या घरांतून व दुकानांतून पुन्हा आखून दाखविले. अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी या वस्त्यांप्रमाणेच सीताबर्डीच्या सखल भागातील दुकानांतही पाणी शिरले. शासनाने दुकानदारांना ५० हजार रुपयांपर्यंतची मदत जाहीर केली. पंचनाम्यात भिजलेल्या मालाची नोंद होऊ शकते, मोडलेल्या कपाटांची होऊ शकते. परंतु टेबलाखालच्या सर्व्हरमध्ये साठविलेल्या उधारीच्या नोंदी बुडाल्या असतील तर त्यांची किंमत कोणत्या रकान्यात लिहावयाची, हे कोणताही तलाठी सांगू शकणार नाही.

सर्व्हर ही आता मोठ्या कारखान्यांचीच मिरासदारी राहिलेली नाही. गांधीबागेतील कापडाची घाऊक पेढी, इतवारीतील किराण्याचा ठोक व्यापारी, सनदी लेखापालाचे कार्यालय, हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीतील वीस कामगारांचा कारखाना, या सर्वांची बिले, साठा, पगारपत्रके आणि येणे-देणे एका लोखंडी पेटीत सामावलेले असते. ती पेटी बहुधा जिन्याखाली, इन्व्हर्टरच्या बॅटरीशेजारी ठेवलेली आढळते. तिच्यातील मजकुराची राखीव प्रत, म्हणजे बॅकअप, घेणारी आज्ञावली कोणती निवडावी, हा प्रश्न मात्र मालक स्वतः सोडवीत नाही. ज्याने पेटी विकली तोच सोबत आज्ञावलीही देऊन जातो.

जुन्या पेढीचा दिवाणजी या बाबतीत अधिक सावध होता, असे म्हणणे भाग आहे. रोजमेळ आणि खतावणी या त्याच्या दोन निराळ्या वह्या होत्या. खतावणीला वाळवी लागली तरी रोजमेळावरून ती पुन्हा उतरविता येत असे; श्रम पडत, परंतु व्यापार बुडत नसे. संगणकाने हे श्रम वाचविले आणि त्याबरोबरच दुसरी वहीही नाहीशी केली. आता रोजमेळ व खतावणी ही एकाच फाइलची दोन दर्शने असतात. फाइल गेली की दोन्ही जातात.

यात किती रक्कम पणाला लागते? समजा, एखाद्या घाऊक पेढीची मासिक विक्री ४० लाख रुपयांची आहे, तीपैकी तीन चतुर्थांश उधारीवर होते आणि वसुलीस सरासरी दोन महिने लागतात. याचा अर्थ कोणत्याही दिवशी ६० लाख रुपये बाजारात अडकलेले असतात. नोंदी नष्ट झाल्यावर बहुतेक ग्राहक प्रामाणिकपणे पैसे देतील. परंतु अवघी पाच टक्के रक्कम वादात सापडली तरी तीन लाखांची तूट येते, आणि तीही ज्यांच्याशी पुढे व्यवहार ठेवावयाचा त्यांच्याशीच भांडण ओढवून. याखेरीज कायद्याचा तगादा असतोच. वस्तू व सेवा कराच्या नियमांतील ५७ वा नियम इलेक्ट्रॉनिक नोंदींची योग्य राखीव प्रत ठेवण्यास आणि नोंदी नष्ट झाल्यास वाजवी मुदतीत त्या परत उभ्या करता येतील अशी तजवीज करण्यास सांगतो. नोंदी जपावयाच्या त्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने. कंपन्यांच्या बाबतीत तर ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीने अशी प्रत दररोज भारतातील सर्व्हरवर ठेवणे बंधनकारक केले आहे.

एवढी निकड असताना निवड इतकी निष्काळजीपणे का होते? याचे उत्तर अर्थशास्त्रात सापडते. जॉर्ज अकर्लॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराविषयी लिहिताना दाखवून दिले की, मालाचा खरा दर्जा विकणाऱ्यास ठाऊक आणि घेणाऱ्यास अज्ञात असला म्हणजे चांगला माल बाजारातून हळूहळू हद्दपार होतो. बॅकअपच्या आज्ञावलीची गत याहून बिकट आहे, कारण तिचा दर्जा पुष्कळदा विकणाऱ्यासही ठाऊक नसतो. पडद्यावर रोज रात्री ‘यशस्वी’ असा हिरवा शब्द उमटतो आणि दोघेही निश्चिंत झोपतात. गिटलॅब या संगणक व्यवसायातीलच कंपनीत ३१ जानेवारी २०१७ रोजी चुकून मुख्य माहितीसाठा पुसला गेला, तेव्हा पाच निरनिराळ्या उपायांपैकी एकही धड कामास आला नाही. सहा तासांपूर्वी योगायोगाने घेतलेल्या एका प्रतीवर कंपनीला निभावून न्यावे लागले. जेथे तज्ज्ञांची ही अवस्था, तेथे इतवारीच्या मुनीमजींनी हिरव्या शब्दावर विश्वास ठेवल्याबद्दल त्यांना काय दोष द्यावा?

यावर उपाय मात्र हाताशी आहे. विमा खरोखर मिळतो की नाही हे पाहण्यासाठी कोणी दुकान जाळून पाहत नाही. बॅकअपची परीक्षा मात्र साप्ताहिक सुटीच्या दिवशी, काहीही न जाळता घेता येते. तेव्हा आज्ञावली निवडताना प्रत किती लवकर घेतली जाते हे पाहण्याऐवजी, ती परत कशी मिळते हे आधी पाहावे. मालकाने स्वतःलाच दोन प्रश्न विचारावेत. किती तासांचे काम पुन्हा करण्याची आपली तयारी आहे? आणि सर्व्हरवाचून दुकान किती वेळ चालू शकेल? लेखापालाच्या कार्यालयाचे उत्तर विवरणपत्रांच्या हंगामात निराळे आणि एरवी निराळे असेल. औषधांच्या ठोक विक्रेत्याचे आणखी निराळे. या उत्तरांवाचून ‘सर्वांत चांगली आज्ञावली कोणती’ हा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही.

बाजारात दोन वस्तू बॅकअपच्या नावाने खपविल्या जातात, त्यांपासून सावध राहणे आवश्यक आहे. सर्व्हरमध्ये दोन डिस्क जोडून दोहोंवर एकाच वेळी लिहिण्याची सोय ही त्यांतील पहिली. एक डिस्क बिघडल्यास काम अडत नाही, हा तिचा लाभ खराच. परंतु पाणी शिरले तर दोन्ही भिजतात आणि चुकून पुसलेली नोंद दोहोंवरूनही त्याच क्षणी पुसली जाते. दुसरी वस्तू म्हणजे इंटरनेटवरील साठ्याशी फाइली आपोआप जुळवून ठेवणारी सेवा. ती जसा चांगला मजकूर जुळवून ठेवते, तसाच बिघडलेलाही ठेवते.

याचे प्रत्यंतर महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरच आले होते. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ या विध्वंसक आज्ञावलीने मर्स्क या जहाज कंपनीचे जगभरातील संगणक निकामी केले आणि न्हावा-शेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील त्या समूहाच्या टर्मिनलचे कामकाज विस्कळीत झाले. कंपनीच्या संगणकजाळ्याची ओळख सांभाळणारे सुमारे दीडशे सर्व्हर होते. ते परस्परांशी सतत जुळते राहत, म्हणून स्वतंत्र प्रतीची गरज कोणास वाटली नाही. आणि ते सारे एकदमच पुसले गेले. वाचला तो घाना देशातील एकमेव सर्व्हर, कारण हल्ल्याच्या आधी तेथील वीज गेली होती. भारनियमनाचा असा उपकार विदर्भातील वाचकांनी क्वचितच अनुभवला असेल! गमतीचा भाग सोडला तरी त्यातील बोध व्यवहाराचा आहे. एक प्रत अशी हवी की जी वीज, जाळे आणि सर्व्हर या तिन्हींपासून तुटलेली असेल. दोन बाह्य डिस्क घेऊन दर आठवड्यास त्यांची अदलाबदल करणे आणि एक मालकाच्या घरी ठेवणे, हा त्याचा स्वस्त मार्ग आहे. (ती डिस्क नागपूरच्या मे महिन्यात मोटारीच्या डिकीत दिवसभर ठेवू नये, हे सांगावयास नकोच.)

आज्ञावलीच्या अंगच्या गुणांपैकी काही अपरिहार्य आहेत. हिशेबाची फाइल उघडी असतानाही तिची सुसंगत प्रत घेता आली पाहिजे, नाही तर अर्धवट लिहिलेल्या नोंदींची प्रत हाती येते. एकाच नव्हे तर अनेक जुन्या दिवसांच्या प्रती राहिल्या पाहिजेत, कारण फाइल बिघडल्याचे पुष्कळदा पंधरवड्याने ध्यानात येते. जुना सर्व्हर मिळेनासा झाल्यास निराळ्या यंत्रावर सारे उभे करता आले पाहिजे. एखाद्या रात्री काम फसले तर तसा संदेश मालकाच्या मोबाइलवर यावा. प्रत कूटबद्ध असावी, आणि तिचा परवलीचा शब्द ज्या सर्व्हरची ती प्रत आहे त्याच सर्व्हरमध्ये लिहून ठेवलेला नसावा!

किमतीचा प्रश्न वाटतो तितका कठीण नाही. विंडोज सर्व्हरसोबत येणारी बॅकअपची सोय अनेक लहान दुकानांस पुरेल. मात्र जाळ्यावरील सामायिक फोल्डरमध्ये ती केवळ शेवटचीच प्रत राखते, हे ध्यानात ठेवावे. वीमची मोफत आवृत्ती दहा यंत्रांपर्यंत चालते. बॅक्युला, अर्बॅकअप यांसारख्या खुल्या आज्ञावल्यांना किंमत नाही, परंतु त्या बसविणाऱ्या जाणकाराच्या वेळेला आहे. घरगुती संगणकासाठी मोफत मिळणाऱ्या अनेक आज्ञावल्या सर्व्हरवर चालतच नाहीत. नामांकित आज्ञावलीही बसवून विसरून जाण्याजोगी नसते. वीमच्याच सशुल्क आज्ञावलीतील त्रुटींचा २०२३ व २०२४ साली खंडणीखोरांनी लाभ उठविला होता. दुरुस्त्या वेळेवर न बसविणाऱ्यांच्या बाबतीत पहारेकरीच चोराला वाट दाखविता झाला. वर्षासनावर मिळणाऱ्या आज्ञावलीबाबत एक प्रश्न लेखी विचारून ठेवावा: हप्ता थांबल्यावर जुनी प्रत उघडता येईल काय? क्रॅशप्लॅनने २०१७ मध्ये घरगुती ग्राहकांची सेवा बंद करीत असल्याचे जाहीर केले, तेव्हा ग्राहकांना निदान वर्षभराची मुदत मिळाली होती.

यावर असे म्हटले जाईल की, सर्व हिशेब इंटरनेटवर, दुसऱ्याच्या सर्व्हरवर ठेवले की ही कटकटच मिटते. हा युक्तिवाद पोकळ नाही. पुरात त्याचा लाभ निर्विवाद आहे आणि दूरच्या ठिकाणी एक प्रत असावीच. परंतु त्यात दोन अडचणी संभवतात. ५०० जीबी मजकूर २० एमबीपीएसच्या जोडणीवरून परत आणावयाचा तर अखंड ५५ तासांहून अधिक लागतात, म्हणजे दुकान दोन दिवस बंद. दुसरी अडचण परावलंबनाची. ३१ जुलै २०२४ रोजी सी-एज या तंत्रसेवा पुरविणाऱ्या कंपनीवर खंडणीखोरांचा हल्ला झाल्याने देशातील सुमारे ३०० लहान बँकांचे ग्राहक किरकोळ देयकव्यवहारांपासून तात्पुरते तोडावे लागले. त्या बँकांच्या स्वतःच्या दारात पाणीही शिरले नव्हते आणि चोरही.

शासनाचे काय, असाही प्रश्न निघतो. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयात आग लागून असंख्य कागदी फायली जळाल्या आणि संगणकीकरणाचा आग्रह वाढला. तथापि २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियात देजॉन येथील सरकारी माहितीकेंद्रास आग लागली तेव्हा कर्मचाऱ्यांच्या सामायिक साठ्यातील ८५८ टेराबाइट मजकूर नष्ट झाला. साठा फार मोठा, म्हणून त्याची बाहेर प्रतच ठेवलेली नव्हती. गांधीबागेतील दुकानाचा सारा पसारा एका खिशात मावेल एवढ्या डिस्कवर बसतो, ही या बाबतीत लहान व्यापाऱ्याची मोठीच सोय आहे.

तेव्हा दिवाळीपूर्वी विक्रेत्यास एका सुटीच्या दिवशी बोलवावे. पेढीचा सर्व्हर बंद करून त्याच्यासमोर एखादा जुना, रिकामा संगणक ठेवावा, आणि त्याने दिलेल्या आज्ञावलीतून गेल्या ३१ मार्चची खतावणी त्यावर उभी करावयास सांगावे. येण्याची एकूण बेरीज लेखापालाच्या छापील ताळेबंदाशी ताडून पाहावी. त्याने दुसऱ्या दिवसाची मुदत मागितली तर ती जरूर द्यावी, आणि लागलेले तास मांडून ठेवावेत. पैसे त्यानंतर चुकते करावेत.