नोकरी लागली, म्हणून पुस्तक मिटावे?

‘नोकरी लागली ना? मग आता कॉलेज कशाला?’ हा प्रश्न वसईतील आपल्या घराघरांत शहाणपण म्हणून मिरवतो. आम्हांस त्यात शहाणपण नव्हे, कद्रूपणा दिसतो.

वाटा तर खुल्या आहेत. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ १९८५ साली आणि नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली स्थापन झाले. उणीव आहे ती वेळेची. सकाळची लोकल पकडून रात्री परतलेल्या मुलास आपण लग्नाच्या, सणाच्या, मंडळाच्या कामाला जुंपतो. मुलगी असेल, तर स्वयंपाकही तिच्याच माथी! मग वर्षअखेर म्हणतो, ‘बघा, जमले नाही.’

दुसऱ्या महायुद्धात कारोल वोयतिला हा पोलिश तरुण सोल्वे रासायनिक कारखान्यात राबत होता. १९४२ पासून तो तेथूनच गुप्तपणे सेमिनरीचे शिक्षण घेऊ लागला. रात्रपाळीत सोबतचे कामगार लक्ष ठेवीत आणि त्याला वाचू देत, असे त्याने पुढे स्वतःच लिहिले. तोच पोप दुसरे जॉन पॉल झाला. त्या कष्टकऱ्यांनी जे दिले, ते आपण आपल्या लेकरांना नाकारावे काय?

पदवी केवळ लग्नपत्रिकेत छापण्यासाठी हवी असेल, तर प्रवेश घेऊच नये. परंतु जो मनापासून शिकू इच्छितो, त्याला घराने रोजचे दोन तास द्यावेत आणि परीक्षाकाळात धर्मग्रामाने कामातून मोकळीक द्यावी. एवढेही देववत नसेल, तर ‘आपली मुले मागे पडतात’ ही रड आता पुरे!