पट्टा पावले मोजेल; विचारपूस कोण करणार?

फिटनेस बँड आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागातही लोक मनगट पुढे करून विचारतात, ‘डॉक्टर, एवढी पावले पुरेत का?’ मधुमेह किंवा रक्तदाबाच्या रुग्णाला याचे उत्तर देणे फारसे अवघड नसते. सिस्टिक फायब्रोसिसच्या रुग्णाला मात्र नुसता आकडा सांगून भागत नाही.

हा आनुवंशिक आजार आहे. आई आणि वडील अशा दोघांकडून सदोष जनुक आले तरच तो होतो. पेशींमधली मीठ-पाण्याची ने-आण बिघडते. फुफ्फुसांतला कफ घट्ट आणि चिकट होतो, वारंवार जंतुसंसर्ग होतो. बहुतेकांत पाचकरस आतड्यापर्यंत पुरेसे पोहोचत नाहीत, त्यामुळे मूल खाऊनही अंग धरत नाही. घाम इतका खारट असतो की बाळाचा पापा घेताना आईलाच ते जाणवते. हा गोऱ्या लोकांचा आजार, अशी आपल्याकडे बराच काळ समजूत होती. दमा किंवा क्षय समजून उपचार होत राहिलेली मुले आजही आढळतात.

या आजारावर २०१२ पासून मूळ दोषावरच काम करणारी औषधे आली. पण ती प्रचंड महाग आहेत आणि आपल्याकडच्या बहुतेक कुटुंबांच्या आवाक्याबाहेर आहेत. मग हाती उरते काय? कफ मोकळा करण्याचे व्यायाम, वाफारा, प्रतिजैविके, पाचक एन्झाइमच्या गोळ्या, भरपूर आहार आणि शारीरिक हालचाल. म्हणून व्यायामाचा प्रश्न इथे हौसेचा नाही.

अमेरिकेत १०९ रुग्णांची व्यायामक्षमता तपासून त्यांचा आठ वर्षे मागोवा घेतला गेला. १९९२ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सर्वाधिक क्षमता असलेल्या गटातले ८३ टक्के रुग्ण आठ वर्षांनी हयात होते, सर्वांत कमी क्षमतेच्या गटातले फक्त २८ टक्के. आजाराची तीव्रता हिशेबात घेऊनही फरक उरला. यावरून व्यायामाने आयुष्य वाढतेच असे सिद्ध होत नाही. पण दमसास टिकवणे किती मोलाचे, हे कळते.

मग बँड बांधला की काम झाले का? युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या ११७ रुग्णांवर एक चाचणी झाली, २०२१ मध्ये ती प्रसिद्ध झाली. एका गटाला आठवड्याला तीन तास जोरकस व्यायाम वाढवायला सांगितले. सोबत समुपदेशन, पावले मोजणारे यंत्र आणि ऑनलाइन नोंदवही होती. या गटाचा व्यायाम वाढला, दमही वाढला. फुफ्फुसांच्या चाचणीचा आकडा मात्र नियंत्रण गटापेक्षा सरस ठरला नाही. सहा महिन्यांनी नियंत्रण गटच किंचित पुढे होता. त्यामुळे बँडमुळे फुफ्फुसे सुधारतील, असे आश्वासन कोणी देऊ नये. आणि ज्या गटाचा दम वाढला, त्याच्याशी नियमित बोलणारी माणसेही होती, हे विसरू नये.

रोज दहा हजार पावले हा आकडाही वैद्यकशास्त्रातून आलेला नाही. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या पावले मोजण्याच्या यंत्राचे ते नावच होते. धाप लागणाऱ्या तरुणाला हे लक्ष्य दिले, तर दोन आठवड्यांत तो बँड कपाटात ठेवून देईल. शिवाय उपचारांत त्याचा रोज बराच वेळ आधीच जातो. रोज आपण कमी पडलो हे सांगणारे आणखी एक यंत्र त्याला कशाला?

बँडला दिसत नाही असेही बरेच आहे. सायकल, पोहणे, सूर्यनमस्कार यांची पावले होत नाहीत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे घाम. या रुग्णांच्या शरीरातून घामावाटे मीठ झपाट्याने जाते. चंद्रपूर-परभणीच्या मे महिन्यातली हजार पावले आणि डिसेंबरातली हजार पावले बँडला सारखीच. रुग्णाला मात्र उन्हाळ्यात गळून जाणे, उलट्या, पायांत गोळे असा त्रास होऊ शकतो. त्यामुळे उन्हाळ्यात व्यायाम पहाटे किंवा संध्याकाळी करावा आणि जास्तीचे मीठ-पाणी डॉक्टरांना विचारून ठरवून घ्यावे. ‘मीठ कमी खा’ हा सर्वांसाठीचा सल्ला यांना लागू नाही.

तरीही मी बँडच्या विरोधात नाही. पहिले दोन आठवडे नुसती नोंद करावी. मग रुग्णाच्या स्वतःच्या सरासरीवर, त्याला जमेल असे वाटेल तेवढेच लक्ष्य वाढवावे. ताप, वाढलेला कफ असेल त्या दिवसांत लक्ष्य बाजूला ठेवावे. पावले आठवडाभर अचानक घटली, तर ‘आळस आला का?’ असे न विचारता ‘खोकला वाढलाय का?’ असे विचारावे. बँडचा खरा उपयोग इथे आहे.

पण हे विचारणार कोण? बँड वाटण्याची योजना आखणे सोपे. फोटोही छान येतात. माझे मत स्पष्ट आहे: पैसा मोजकाच असेल तर आधी फिजिओथेरपिस्टची रिकामी पदे भरा आणि आठवड्यातून एकदा रुग्णाला फोन करणे हे त्याच्या कामात धरा. बँड नसला तर घरातले घड्याळ आणि शाळेची वही पुरते. फोन करणारे माणूस नसेल, तर सर्वांत महागडा बँडही काही दिवसांत नुसते घड्याळच होतो.