खुर्ची कोतवालाची, दोरी कोणाची?

मुंबईला नवा पोलीस आयुक्त आला की आपल्याकडे एक ठरलेला सोहळा होतो. वर्तमानपत्रांत त्याचा फोटो छापून येतो. तो कोणत्या तुकडीचा, त्याने कोणकोणत्या गुंडांना लोळवले, पहाटे किती वाजता तो धावायला जातो, याची रसभरित वर्णने येतात. चाळीच्या गॅलरीत आणि लोकलच्या डब्यात एकच वाक्य ऐकू येते : "हा गडी शहराला सुतासारखे सरळ करणार बघा!" आणि नव्याचे नऊ दिवस सरतात न सरतात, तोच दुसऱ्या माणसाचा फोटो येतो. आपण तेच वाक्य पुन्हा म्हणतो.

वाचकहो, सणासुदीच्या दिवसांत कडू बोलू नये हे मलाही कळते. पण फराळाच्या ताटात कारल्याची एखादी फोड असली, तर ती प्रकृतीला बरी. माझे म्हणणे असे की, आयुक्त कोण झाला हा प्रश्नच मुळी दुय्यम आहे. तो किती दिवस राहणार आणि त्याला उठवणार कोण, हे विचारायला हवे. आणि नेमके तेच आपण विचारीत नाही.

थोडा हिशेब मांडू. मुंबईचे पहिले पोलीस आयुक्त सर फ्रँक साउटर १८६४ साली आले आणि १८८८ पर्यंत, म्हणजे चोवीस वर्षे, त्या जागी राहिले. परक्या सरकारचे गोडवे गाण्यासाठी मी हे सांगत नाही. त्या सरकारला शहर ताब्यात ठेवायचे होते, शहाणे करायचे नव्हते. १९४७ साली जे. एस. भरुचा हे पहिले भारतीय आयुक्त झाले, आणि कोतवाल आता आपला झाला असे आपण समजलो. पण सप्टेंबर २०१५ ते जून २०२२ या पावणेसात वर्षांचाच हिशेब पाहा. एवढ्या काळात सात आयुक्त आले आणि गेले! त्यांपैकी दोन वर्षांची मजल गाठली ती एकट्या दत्ता पडसलगीकरांनी. अहमद जावेद यांना पाच महिनेही पुरते मिळाले नाहीत. संजय पांडे यांना मिळाले चार. नव्वदाहून अधिक पोलीस ठाण्यांचे हे शहर. चार महिन्यांत माणूस त्या ठाण्यांना एकेक भेट तरी देऊ शकेल काय?

मी शाळामास्तर आहे. वर्षाच्या मध्यावर वर्गशिक्षक बदलला तर काय होते, ते मला ठाऊक आहे. पोरे नव्या मास्तरांना चार दिवस जोखतात. हेही फार टिकणार नाहीत असा वास लागला, की मागच्या बाकावर गोट्यांचा डाव सुरू होतो. पोलीस खाते याहून निराळे कसे असेल? ज्या साहेबाची रवानगी दिवाळीपर्यंत ठरलेली आहे, त्याचा हुकूम ठाण्यातला अंमलदार मनावर का घेईल? आणि आपली फिर्याद नोंदवून घ्या म्हणून बाकावर ताटकळलेल्या विधवेने मग कोणाच्या तोंडाकडे पाहावे?

१९८२ च्या ऑगस्टात मुंबईचे पोलीस शिपाईच बंड करून उठले. त्या वेळी जुलिओ रिबेरो आयुक्त होते. ते १९८५ पर्यंत त्या खुर्चीवर राहिले, म्हणून बिथरलेल्या दलाची घडी पुन्हा बसवायला त्यांना अवधी तरी मिळाला. नेतृत्व भाषणाने सिद्ध होत नाही. त्याला दिवस लागतात.

आता उचलबांगडीची रीत पाहा. ११ ऑगस्ट २०१२ रोजी आझाद मैदानावर हिंसाचार झाला. त्याच महिन्यात आयुक्त अरूप पटनायक गेले. कसे गेले, तर बढती घेऊन! सप्टेंबर २०१५ मध्ये एका गाजलेल्या खुनाच्या तपासात राकेश मारिया जातीने लक्ष घालीत होते. तेही अचानक गेले, पुन्हा बढतीच! गंमत अशी की, त्यांना जो महासंचालकाचा दर्जा देऊन हलवले, त्याच दर्जाचे अधिकारी त्यांच्या जागी आणून बसवले. दोघे चुकले असतील, तर बढती कशासाठी? चुकले नसतील, तर बदली कशासाठी? याचे सरळ उत्तर ना पटनायकांच्या वेळी मिळाले, ना मारियांच्या वेळी. २०१२ मध्ये सरकार एका पक्षांचे होते, २०१५ मध्ये दुसऱ्या. रीत मात्र एकच!

खुर्ची अशी डळमळती असली, की तीवर बसलेल्याची जीभ जड होते. मार्च २०२१ मध्ये परमबीर सिंग यांची बदली झाली, आणि त्यानंतर त्यांनी गृहमंत्र्यांवर आरोप करणारे पत्र मुख्यमंत्र्यांना लिहिले. आरोपांचा खरेखोटेपणा न्यायालयाने पाहावा. माझा मुद्दा एवढाच, की शहराच्या कोतवालाला तोंड फुटते ते खुर्ची गेल्यावर. शिवाय निवृत्तीपलीकडेही आमिष असतेच. सत्यपाल सिंह यांनी जानेवारी २०१४ मध्ये आयुक्तपद सोडले आणि मे महिन्यात ते लोकसभेत निवडून आले. यात बेकायदा काही नाही. दुखणे नेमके तेच आहे!

कोणी म्हणेल, "मास्तर, खुर्ची पक्की केली तर तो माजणार नाही काय?" शंका रास्त आहे. अमेरिकेतल्या लॉस एंजेलिसमध्ये डॅरिल गेट्स १९७८ पासून पोलीसप्रमुख होते. त्यांची नोकरी इतकी पक्की की महापौरालाही ते हलेनात. १९९२ च्या एप्रिलात शहर पेटले तेव्हा तिथले लोक जागे झाले. पण त्यांनी आपल्यासारखी संगीत खुर्ची मांडली नाही. त्याच साली त्यांनी मत देऊन कायदा बदलला : मुदत पाच वर्षांची आणि फार तर दोनदा. मुदत ठरलेली, आणि जाब विचारण्याची सोयही ठेवलेली.

आपल्याकडे कायदा नाही असेही नाही. प्रकाश सिंह या निवृत्त पोलीस अधिकाऱ्यांच्या याचिकेवर २२ सप्टेंबर २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्याच्या पोलीस महासंचालकाला, निवृत्तीची तारीख काहीही असो, किमान दोन वर्षे द्या असे बजावले. महाराष्ट्रानेही २०१४ साली आपला पोलीस कायदा सुधारून वरिष्ठ अधिकाऱ्यांना एका जागी दोन वर्षे हा साधारण काळ ठरवला. पण त्याच कायद्यात निवृत्तीची खिडकी उघडी आहे आणि "अपवादात्मक परिस्थिती"चे मागले दारही सताड उघडे आहे!

ती खिडकी आणि ते दार बंद करा, एवढेच मागणे आहे. दोन वर्षे राहू शकणार नाही अशा माणसाला मुंबईचा आयुक्त नेमू नका. मुदतीआधी हलवायचे असेल, तर कारण लेखी द्या आणि विधानसभेपुढे ठेवा. नालायक असेल तर तसे स्पष्ट लिहा, बढतीचा हार घालून पाठवू नका. आणि त्या खुर्चीवरून उतरलेल्याला काही वर्षे तरी कोणत्याही पक्षाने तिकीट देऊ नये.

हे आपण होऊन कोणी करणार नाही. पुढच्या निवडणुकीत मत मागायला जो दारात येईल, त्याला ओसरीवर बसवा, चहा द्या, आणि चहा संपायच्या आत ही तीन मागणी त्याच्यापुढे ठेवून हो किंवा नाही असे रोखठोक उत्तर घ्या.