पाणी बाटते कशाने?

पावसाळा सुरू झाला की आपल्या वस्त्यांत जुलाब-उलट्यांची साथ येते. नळाला गढूळ पाणी येते आणि दोन-चार दिवसांत कुणाचे तरी लेकरू मलूल पडते. मग आजूबाजूला निदाने सुरू होतात. कुणी म्हणते दात येताहेत, कुणी म्हणते नजर लागली, तर कुणी हळूच अंगारा आणायला सांगते. ज्या घरात बावीस प्रतिज्ञांची तसबीर लावलेली असते, त्या घरातही हे घडते, याचे आम्हांस वाईट वाटते. आजार जंतूंनी होतो. त्या अनेक जंतूंपैकी एकाची ओळख आज करून घेऊ.

त्याचे नाव ई. कोलाय. थिओडोर एशेरिख या जर्मन बालरोगतज्ज्ञाने १८८५ साली तान्ह्या मुलांच्या विष्ठेत तो प्रथम पाहिला. हा जंतू तुमच्या-आमच्या, सर्वांच्याच आतड्यात राहतो आणि बहुधा काही त्रास देत नाही. पण त्याच्या कुळात काही वाण घातक आहेत. एक वाण आतड्यात विष सोडतो, त्यामुळे शरीरातले पाणी आतड्यात झिरपून पाण्यासारखे जुलाब होतात. लहान मुले आणि मोठी माणसे दोघांनाही तो गाठतो. दुसरा तान्ह्या बाळांच्या आतड्याच्या अस्तराला चिकटून ते खराब करतो. तिसऱ्यामुळे जुलाब दोन-दोन आठवडे थांबत नाहीत आणि मूल वाळत जाते. चौथा आतड्याच्या पेशींत शिरून आव-रक्त पाडतो. पाचवा सर्वांत वाईट. त्याने रक्ताचे जुलाब होतात आणि कधीकधी मूत्रपिंडे निकामी होतात. या पाचव्याचे मुख्य घर गुरांच्या आतड्यात असते.

हे ज्ञान केवळ परदेशातून आलेले नाही. कलकत्त्याचे डॉ. शंभुनाथ डे यांनी आपल्या सहकाऱ्यांसह १९५६ साली दाखवून दिले, की पटकीसारखे जुलाब होणाऱ्या रोग्यांतील ई. कोलायचे काही वाण सशाच्या आतड्यातही तसेच पाणी साठवतात.

हा आजार फक्त गरिबांचा, असेही समजू नये. २०११ साली जर्मनीसारख्या श्रीमंत देशात या जंतूची मोठी साथ आली. ३,८०० हून अधिक माणसे आजारी पडली आणि ५० हून अधिक दगावली. त्यांत मोठ्या माणसांचाच भरणा होता. दोष निघाला मोड आलेल्या मेथीच्या दाण्यांत, आणि ते मोड लोक कच्चेच खात होते. आपल्या घरी मटकी, मूग मोडवतात. साथीच्या दिवसांत ते शिजवूनच खावेत.

आता मुद्द्यावर येतो. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. तळे बाटले म्हणून सनातन्यांनी १०८ घागरींत शेण, गोमूत्र, दूध, दही कालवून मंत्रघोषात तळ्यात ओतले आणि ते शुद्ध झाल्याचे जाहीर केले! जंतुशास्त्राला विचारा, पाणी कशाने बाटले? माणसाच्या ओंजळीने पाणी बाटत नाही. ते माणसाच्या आणि जनावराच्या विष्ठेने बाटते. ई. कोलाय जात विचारत नाही. संडासाची टाकी, उघडे गटार आणि फुटलेला नळ जिथे एकत्र येतात तिथे तो असतो. आणि असा नळ कुणाच्या वस्तीतून टाकला जातो, हे वाचकांना सांगायला नको.

म्हणून दोन लढाया आहेत, एक घरातली आणि एक कचेरीतली.

घरातली आधी. जुलाबात मूल मरते ते मुख्यतः अंगातले पाणी आणि क्षार गेल्याने. तेव्हा "पाणी देऊ नका, जुलाब वाढतील" हा सल्ला जीवघेणा आहे. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकी पसरली. सलाइन पुरेना, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पाजायला लावले. शंभरात सुमारे तीस रोगी दगावत होते, ते प्रमाण चारच्या खाली आले. पाजणारे बहुतेक रोग्यांचे नातेवाईकच होते. म्हणजे हे काम कोणतीही माउली करू शकते.

जलसंजीवनीचे पाकीट सरकारी दवाखान्यात मिळते. पाकिटावर लिहिले असेल तेवढ्याच पाण्यात ते कालवावे आणि २४ तासांत संपवावे. पाकीट नसेल तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सपाट ६ चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ घालावे. प्रत्येक जुलाबानंतर दोन वर्षांखालील बाळाला पाव ते अर्धा कप, त्याहून मोठ्याला अर्धा ते एक कप चमच्याने पाजावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा सावकाश द्यावे. अंगावरचे दूध आणि जेवण बंद करू नये. झिंकच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून १४ दिवस द्याव्यात. डोळे खोल गेले, लघवी थांबली, मूल गुंगीत आहे, पीत नाही किंवा शौचात रक्त आहे, तर ताबडतोब दवाखाना गाठावा. दुकानातून मनाने जंतुनाशक गोळ्या आणू नयेत. पाचव्या वाणात त्या अपायही करू शकतात. पाणी उकळावे, माठात हात न बुडवता ओगराळ्याने काढावे, आणि बाळाची शी धुतल्यावर व स्वयंपाकाआधी साबणाने हात धुवावेत.

आता कचेरीतली लढाई. ई. कोलाय आतड्यात राहणारा असल्याने तो नळाच्या पाण्यात सापडला, म्हणजे मैला मिसळला हे सिद्ध होते. पिण्याच्या पाण्याच्या १०० मिलिलिटर नमुन्यात तो अजिबात आढळू नये, असे भारतीय मानक आहे. तेव्हा गढूळ पाणी आले की नुसते भांडू नका. पाण्याचा नमुना तपासावा आणि फुटकी वाहिनी बदलावी, असा अर्ज तारीख, गल्ली आणि आजारी माणसांची संख्या घालून पालिकेला द्या. आम्ही कारकुनी करतो, म्हणून खात्रीने सांगतो, तोंडी तक्रार कचेरीत मुरते. अर्जाच्या दोन प्रती करा, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. सह्या पन्नास घरांच्या असू द्या.

विनयपिटकात कथा आहे. जुलाबाने पडलेल्या एका भिक्खूकडे कुणी पाहीना, तेव्हा भगवंतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले आणि दोघांनी मिळून त्याला धुतले. येत्या रविवारी विहारात वंदना झाली की जलसंजीवनी कालवून दाखवावी आणि तिथेच अर्जावर सह्या घ्याव्यात. धम्माचे तेही एक काम आहे.

जय भीम!